गुडीशेवेची अर्धी पुडी

१२ डिसेंबर २०२४

ऋतुजे,

तुझ्या परळीत लोकांना विसरायचं औषध देतेत का, आन उरलेलं तू पितीस का? गेवराईच्या पल्याड, गोदागंगेच्या काठाला एक घर हाय. त्या घरात एक म्हातारी हाय. तिला दात न्हाईत, पर तोंड हाय. एवढ्यानं आठवलं न्हाई तर अजून सांगते. मी रतनबाई, तुझ्या बापाची माय. लहानपणी तू माझ्या मांडीवर किती बार मुतलीस त्याची मोजदाद न्हाई. आता तू मोठी समुपदेशक झालीस. हा शब्द मला नीट म्हनता येत न्हाई, लिहिनारीला लिहिता आला असंल तर बरं. गावात सगळे तुझ्या हापिसाला बोलायचा दवाखाना म्हनतेत.

तू म्हनशील, म्हातारीला लिहाय कवा आलं? आलं न्हाई. लिहितीय तुझी माय. तुझ्या बापाला सही बी धड येत न्हाई, आन तो दिवसभर मेंढरामागं असतो. सातवी शिकलेली ही एकटीच. ती तुझ्याशी बोलत न्हाई हे मला ठावं हाय, तुला बी ठावं हाय, आन आता हे तिनंच तिच्या हातानं लिहिलंय. तुझा फोन आला की ती उठून म्हशीकडं जाती. कागदापासून उठून कुठं जाईल? सासूनं लिही म्हनल्यावर लिहावं लागतंय. म्हनून फोन नको, पत्र पाठवत जा. तुझं पत्र आलं की तीच मला वाचून दाखवील, दुसरं हाय कोन? माझं डोकं म्हातारं झालंय, सडलं न्हाई अजून.

तिला म्हनलं, माझं बोलनं सुधारू नको, जसं तोंडातून पडतंय तसं उचल. तिनं मान हलवली. खरं काय लिहिती देव जाने. माझ्या नावानं म्हशीचं दुखनं लिहून पाठवलं तरी मी खाली अंगठा देनार.

आता घरचं. तुझा भाऊ ........ गेला, त्याला तीन महिने झाले. पात्रातल्या वाळूच्या खड्ड्याचं तुला काय सांगू? वरून धरनाचं पानी सुटलं, खड्डा झाकून गेला, एक कोकरू आत गेलं आन त्याच्यामागं हा गेला. तू आलीच हुतीस. पर तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्या झाल्या, तू गेलीस. त्याच्यानंतरचं तुला ठावं न्हाई.

तुझी माय काम सगळं करती. भाकरी, शेनकूर, झाडलोट. बोलती फक्त 'हं' आन 'न्हाई'. गावच्या बाया आल्या, गळ्यात पडून रडल्या, हिनं त्यांना पानी दिलं. ही रडली न्हाई. ........चं नाव हिच्या तोंडातून एकदा बी निघालं न्हाई. दर बाजाराला गेवराईवरून तो हिच्यासाठी गुडीशेव आनायचा, गुळाची, आन वाटेत अर्धी खाऊन टाकायचा. ही दारातूनच वरडायची, "वाटंत उंदरं भेटले का रे?" आता बाजाराच्या दिवशी दुपार कलली की दारात जाऊन उभी राहती. काय बघती म्हनून इचारलं तर 'हं'.

मी बी तशीच. त्याच्या लगनाच्या घोंगडीसाठी सूत कातत हुते, ते अजून कातती. हाताला अजून कुणी सांगितलंच न्हाई.

एक मात्र कळत न्हाई. तू दर बुधवारी चौसाळ्याला येतीस, तिथल्या बायांचं ऐकून घेतीस. तोच रस्ता सरळ वर बीडला, बीडच्या पुढं गेवराई. मग चौसाळ्यातून माघारी कावून फिरतीस?

खारी पाठव. चहात पडली की विरघळनारी. दातानं खायचं काही पाठवून माझी थट्टा करू नको.

रतनबाईचा अंगठा


२२ डिसेंबर २०२४

प्रिय आज्जे,

औषध उरत नाही गं. उरलं असतं तर प्यायलेच असते.

खारी गेवराईच्या बसच्या कंडक्टरकडे दिली आहे. अप्पांना स्टँडवर घ्यायला सांग. सोबत गुडीशेवेची एक पुडी आहे, ती मायसाठी.

तू विचारलंस ते टाळणार नाही. आधी माझ्या बोलायच्या दवाखान्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

परळीत माझ्या खोलीला एक खिडकी आहे. सकाळी पुसली तरी दुपारपर्यंत कठड्यावर राखेचा थर बसतो, वीज केंद्राच्या धुराड्यांची राख. येणारी माणसं पहिल्यांदा काहीच बोलत नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि त्या राखेत बोटानं रेघा ओढतात. कुणी एखादं अक्षर काढतं आणि पुसून टाकतं. मी विचारत नाही, कठडाही पुसत नाही. तास संपतो, ती जातात, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. मग कधीतरी बोलतात. चौसाळ्यात राख नाही, पण तिथेही हेच करते. माझं काम बोलणं नाही, आज्जे. माणसानं दार उघडेपर्यंत दाराबाहेर बसून राहणं, एवढंच आहे.

हे मी कॉलेजात शिकले असं सगळ्यांना वाटतं. मी ते शिकले आपल्या गावात, भिवराबाईकडे. तुला आठवत असेल. डोकं फिरलंय म्हणून तिच्या घरच्यांनी तिला जनावरांच्या छपराखाली दाव्यानं बांधून ठेवलं होतं. मी तिसरीत असेन. भाकरी घेऊन जायचे. जवळ गेलं की ती किंचाळायची, म्हणून मी भाकरी उंबऱ्यावर ठेवायचे आणि अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसायचे. काहीच बोलायचे नाही. मला भीती वाटायची, पण उठायचे नाही. एके दिवशी ती म्हणाली, "कुणाची गं तू?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आत ये की मग." त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायला लागली. पुढे तिला दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, दावं सुटलं. पण माझ्यासाठी ती आधीच सुटली होती. तेव्हापासून माझा एकच नेम आहे. बोलावल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही.

आता चौसाळ्याचं. तिसऱ्या दिवशी मी मायच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू आलं तर येऊ दे, माय. मी इथे आहे." तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तू घरून आलीस का हापिसातून?" मी खांद्यावरचा हात काढून घेतला. मग ती म्हणाली, "जा तुझ्या हापिसात." मी गेले.

ज्यानं जा म्हटलं त्याच्या दारात उभं राहून त्याला छळू नये. तिनं ये म्हटलं की त्याच बसनं निघेन. तोवर चौसाळ्यापर्यंत येते. त्याच्या पुढचा रस्ता मला दिसतो.

सोमनाथची आठवण येत नाही असा दिवस नाही.

तुझी,
ऋतुजा


५ जानेवारी २०२५

ऋतुजे,

खारी पोचली. चांगली हाय, पर तुझ्या बापानं वाटंतच पिशवीत हात घातला. वाटंत खायची खोड ह्या घरात कुठून आली ते आता कळालं.

तुझं पत्र दोन बार वाचून घेतलं. वाचताना तुझी माय सरळ गाडीवाटंनं चालल्यागत वाचती, खाली-वर न्हाई, हलनं न्हाई. पर एका जागी थांबली. म्हनली, पानी पिऊन येते. आली, आन एकदम 'तुझी ऋतुजा' म्हनून संपवलं. दुसऱ्या बारीला बी तिथंच थांबली. पुन्हा तहान लागली. मला वाचता येत न्हाई म्हनून बरं, न्हाईतर तिथं काय हाय ते मी बी वाचलं असतं आन मला बी तहान लागली असती. ........चं नाव हाय तिथं. मला कळतंय. पुढच्या पत्रात बी लिही. पानी घरचं हाय, आटत न्हाई.

गुडीशेवेची पुडी तिनं हातात घेतली. वजन केल्यागत हलवली. बांधलेली तशीच फडताळात वर ठेवून दिली. कावून म्हनलं तर 'हं'. मी फोडून घे म्हनले, माझ्याकडं असं बघितलं की मी माझा चहा प्यायला लागले. पुडी भरलेली हाय, गं. भरलेली पुडी ह्या घरात कवा आलती?

भिवराबाईचं ऐकून मला हसू आलं. एवढी कवडी पोरगी, दवाखाना चालवाय लागली हुती आन आमाला पत्ता न्हाई. तिचं दावं मला आठवतंय. आमाला सगळ्यांनाच आठवतंय, पर आमी वाट बदलून जायचो. तू बसलीस ते चांगलं केलंस. हे मी थट्टेनं म्हनत न्हाई, केशर, हे तसंच लिही.

पर एक सांगते. भिवराबाई परकी हुती. परक्याच्या उंबऱ्यावर थांबावं, ती रीत हाय. तुझ्या मायनं जा म्हनलं, आन तू गेलीस. अगं, तुला ती लहानपनापासून दिवसातून दहा बार जा म्हनायची. "जा, मर तिकडं" म्हनायची. तवा कुठं गेलतीस? चुलीमागंच बसायचीस की.

तुझा बाप बरा हाय. पात्राकडं मेंढरं नेत न्हाई. लांबच्या विहिरीवर नेतो. गावातल्या लोकांनी आर्ज दिलाय, खड्डे बुजवा म्हनून. बुजवतील तवा बुजवतील.

पुढच्या बारीला राजगिऱ्याची वडी पाठव. मऊ असंल तरच.

रतनबाईचा अंगठा

हे आत्याबाईंनी सांगितलेलं नाही. भिवराबाईची भाकरी मी बांधून देत होते. तू लिंबाखाली बसायचीस तेव्हा मी भिंतीच्या आड उभी असायची. तिनं तुला काही केलं असतं तर. मला तिथं कुणी बोलावलं नव्हतं.


१४ जानेवारी २०२५

प्रिय आज्जे,

तिळगुळ घे. वडी पाठवली आहे. दाबून बघूनच घेतली, दुकानदार माझ्याकडे बघत होता.

थंडी बरीच आहे, अप्पांना कानाला फडकं बांधायला सांग. तू सूत कातणं थांबवू नकोस. हाताला कुणी काही सांगायची घाई नाही.

तुझ्या पत्रातल्या चुलीमागच्या बोलण्यावर मी दोन दिवस विचार केला. उत्तर सापडलं नाही. सापडलं की लिहीन.

आता इथून पुढचं मायसाठी आहे. माय, हे आज्जीला वाचून दाखवू नकोस.

अंगठ्याच्या खालच्या बारीक अक्षरातल्या ओळी मिळाल्या. इतकी वर्षं ती गोष्ट मी लोकांना सांगत आले. मुलाखतीत सांगितली, शिकवताना सांगितली. एक लहान मुलगी एकटी लिंबाखाली बसली होती, आणि तिच्या गप्प बसण्यानं एका बाईचं दार उघडलं. त्या गोष्टीत तू कुठेच नव्हतीस. भाकरी आपोआप हातात आली होती, असंच मी धरून चालले होते. भिंतीला पाठ लावून तू किती वेळ उभी राहत असशील? मला भीती वाटायची तरी मी उठत नव्हते, त्याचं कारण मला माझा धीर वाटत होता.

आमच्या केंद्रात मोहिनीताई आहेत. आम्ही लोकांचं ऐकतो आणि आमचं त्या ऐकतात. महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर बसावं लागतं. मी त्यांना सोमनाथबद्दल सांगितलं. कधी गेला, कसा गेला, घरचे कसे आहेत, सगळं नीट क्रमानं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "तू दुसऱ्या कुणाच्या तरी भावाबद्दल बोलतेयस." मी घड्याळाकडे बघितलं आणि वेळ झाला म्हणून उठले. माझ्यासमोर लोक असंच उठतात तेव्हा मला त्याचा अर्थ कळतो.

तिसऱ्या दिवशी तू विचारलंस, घरून आलीस का हापिसातून. माय, मी मोडले असते तर तुला कुणी धरलं असतं? असा विचार करून मी तो आवाज काढला होता. तो आवाज मला नेहमी उपयोगी पडतो. त्यानं लोक शांत होतात. तुला तो ओळखीचा वाटला नाही. मीही अजून रडलेले नाही. हे तुला सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

पत्रात तू ज्या जागा कोऱ्या सोडतेस त्या मी बघितल्या. मी त्यांत काही भरणार नाही. तशाच राहू दे.

ऋतुजा


३० जानेवारी २०२५

ऋतुजे,

वडी मऊ निघाली. एक तुकडा टाळूला चिकटला तवा म्हनलं, गेले आता, पर सुटला. तुझी माय हसली न्हाई, पर ओठ हलला. मी बघितलं. आता ती लिहिताना म्हनंल मी हलवला न्हाई. हलवला, केशर. लिही.

तुझं पत्र मला पुरं ऐकवलं न्हाई. मला दिसत न्हाई असं वाटतंय का? कागद दोन्हीकडून भरलेला, आन वाचनं एकाच अंगाचं. दुसरं अंग तिनं म्हशीकडं जाऊन वाचलं. आली तवा पदर ओला हुता. काय हाय म्हनून मी इचारलं न्हाई. मला बी तुझा नेम लागला का काय कोन जाने.

आता कामाचं ऐक. पुनवेच्या आधीच्या रविवारी मेंढरं कातरायची हायेत. कातरनारे ठरलेत, ते कात्री घेऊन येतात, पर मेंढरं धरायची आपली आपन. धरायचं काम ........चं हुतं. तो मेंढीच्या कानात काहीतरी बडबडायचा आन ती उतानी पडून राहायची, पाय बी झाडायची न्हाई. आता तुझा बाप एकटा. त्याची कंबर वाकत न्हाई, वाकली तर उठत न्हाई.

कातरनीच्या दिवशी काय हुतं ते तुला आठवत असंल, तू लहानपनी त्यापायी रडायचीस. मेंढी कातरून सोडली की कोकरू तिला ओळखत न्हाई. लोकर गेली, वास गेला, अंग अर्धं झालं. कोकरू जवळ येतं, हुंगतं, माघारी फिरतं. माय पुढ्यात उभी, आन हे माय माय करत कळपभर हिंडतं. मग मेंढी वरडती. आवाज वळखीचा लागला की पळत येतं, मुंडकं खाली घालून प्यायला लागतं. आमच्याकडं सप्टेंबरात एक मेंढी कातरली गेली. तिचं कोकरू हुंगून माघारी गेलं, त्याला दोष न्हाई. पर ही मेंढी काही वरडत न्हाई. मला दोघींचा बी राग येतो, आन दोघींची बी कीव येती.

इथं तिचा हात थांबलाय. लिही म्हनलं. लिहिती.

मी तुला बोलवत न्हाई. नीट ऐक. हे बोलावनं न्हाई. बोलावलं तर तू म्हनशील उंबरा उघडला, आन माझ्या बोलावन्यानं येशील. माझ्या बोलावन्याचा काय उपेग? कातरनी कवा हाय तेवढं सांगितलं. बाकी तू शिकलेली हायेस.

ह्या बारीला खायचं काही पाठवू नको.

रतनबाईचा अंगठा


११ फेब्रुवारी २०२५

प्रिय आज्जे,

मी परळीला पोचले. तू घरी खाटेवर होतीस, मळ्यात काय झालं ते तुला दिसलं नाही. अप्पा सांगणार नाहीत, माय तर नाहीच. म्हणून लिहिते.

मला कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे बांधावर आल्यावर चप्पल दोनदा काढली आणि दोनदा घातली. रोज परक्या माणसांसमोर बसते, असं कधी झालं नाही. अप्पांनी बघितलं आणि बाजूला सरकून जागा दिली. मायनं बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. तिच्या मांडीवर एक मेंढी होती. मी ओढणी कमरेला खोचली आणि दुसरीचे पाय धरले.

मला धरता येत नव्हतं. लहानपणी सोमनाथ धरायचा आणि मी लोकर गोळा करायचे. मेंढी झटके देत होती, मी आणखी आवळत होते, कातरणारा वैतागला होता. तेवढ्यात माय म्हणाली, "हलकं धर. तो असा आवळत नव्हता."

आज्जे, पाच महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, आणि तेही रागावून. मी हात सैल केले. मेंढी शांत झाली. कात्री चालली, लोकर एका बाजूनं गोधडीसारखी उलटली, आणि खालून ते गुलाबी, उघडं अंग दिसलं, ऊन लागल्यावर शहारणारं. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी त्या मेंढीच्या पाठीवर डोकं टेकलं आणि रडले. कातरणारा कात्री हातात घेऊन थांबला. अप्पा लांब निघून गेले. मी सोमनाथला हाका मारत होते, असं कातरणारा नंतर म्हणाला. मला आठवत नाही. नाक वाहत होतं, तोंडात लोकर गेली होती. मी हजारदा लोकांना म्हटलं आहे की रडण्यानं हलकं वाटतं. मला हलकं वाटलं नाही. तो खड्ड्यात उतरला तेव्हा पाणी किती गार असेल, एवढंच डोक्यात येत होतं.

माय उठली नाही. तिनं मला जवळ घेतलं नाही. तिनं फक्त मेंढीचे पुढचे पाय धरले, मी मागचे सोडले होते तरी ती मेंढी उठून जाऊ नये म्हणून. किती वेळ धरून बसली कोण जाणे. मग पदरानं माझ्या तोंडातली लोकर काढली. म्हणाली, "अजून लई मेंढरं राहिलीत."

आम्ही उरलेली सगळी धरली. कोकरं तुझ्या पत्रात लिहिल्यासारखीच हिंडत होती. एका कोकराला शेवटपर्यंत आई सापडत नव्हती. संध्याकाळी अप्पांनी ते उचलून तिच्यापाशी नेऊन ठेवलं.

मी तिला काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. घरी जेवताना ती पुन्हा 'हं'वर आली होती, ते तू बघितलंस. सकाळी भाकरी बांधून दिली, पण बसपर्यंत आली नाही. मी म्हटलं, ठीक आहे. पण हायवेवर बस हलली आणि मी मागं बघितलं, तर चहाच्या टपरीच्या आड हिरवं लुगडं होतं. बस दिसेनाशी होईपर्यंत ते हललं नाही. मी बघितलं हे मायला सांगू नकोस.

आता लिहिल्यावर लक्षात आलं की हे तीच वाचतेय. असू दे.

आज्जे, चुलीमागच्या बोलण्याचं उत्तर हेच असावं. मी उंबऱ्याबाहेर बसण्यात हुशार आहे. चुलीमागे बसायचं मी विसरले होते. बुधवारी चौसाळ्याहून गेवराईची बस असते, मी विचारून ठेवली आहे.

सोमनाथची घोंगडी पूर्ण कर. मी पांघरेन.

तुझी,
ऋतुजा


१८ फेब्रुवारी २०२५

ऋतुजे,

ह्या बारीला तुला विसराळू म्हनता येत न्हाई, म्हनून पत्र कसं सुरू करावं ते मला सुचंना.

तुझं पत्र आलं तवा तुझा बाप अंगनात जाळी बांधत हुता. केशर उंबऱ्यात बसून वाचाय लागली. टपरीच्या आडच्या लुगड्यापाशी आली तवा तिनं पदर सावरला, पर वाचलं. मी म्हनलं, चोर सापडला. तिनं कागद तोंडापुढं धरला. मग खालच्या वळीत आली. मी लोटा भरून तिच्याजवळ ठेवला हुता, तिला तहान लागती म्हनून. तिनं लोट्याकडं बघितलं, आन घेतला न्हाई. तिनं नाव वाचलं. मोठ्यानं. भाकरी खायला हाक मारल्यागत. तुझ्या बापाचे हात जाळीत तसेच राहिले.

मग ती रडली, ऋतुजे. तू रडलीस तसं न्हाई, तू शिकलेली हायेस. ही जमिनीवर पडून रडली. भिंतीला हात मारत हुती. गावच्या बाया धावत आल्या, त्यांना वाटलं अजून कुणी गेलं. तुझा बाप तिच्याजवळ येऊन बसला, त्याला काय करायचं ते कळंना, तो तिच्या पायावर हात ठेवून बसला. मी खाटेवरून उतराय गेले तर माझे गुडघे. म्हनून खाटेवरूनच रडले.

तू म्हनशील, बरं झालं. तुझ्या दवाखान्यात ह्याला बरं म्हनत असतील. मला त्यातलं कळत न्हाई. पोरगा न्हाई तो न्हाईच. सकाळी ती उठली, चूल पेटवली, आन भाकऱ्या त्याच्या वाटची धरून केल्या. सवयीनं. एक उरली तवा तिनं ती हातात धरली, बघत राहिली. मग तुकडे करून मेंढरांना घातली. आता रोज असं हुनार. कधी दोन दिवस बोलनार, कधी चार दिवस 'हं'. तुला बी, मला बी. मी हे तुझ्याकडून शिकले न्हाई, पर तू बी हेच सांगितलं असतंस, असं मला वाटतं.

तू बुधवारी येनार म्हनून तिनं तुझी गोधडी उन्हात टाकली. 

घोंगडीचं सूत पुरं व्हायला आलंय. ती तुलाच.

परळीत आता शिवरात्रीची जत्रा भरंल. मी पेढे सांगनार हुते. पर लिहिनारी म्हनती, खायचं ह्या बारीला तीच सांगनार. मला हात धरून अंगठा द्यायला लावलाय आन कागद तिच्याकडं ओढलाय. सुनेपुढं सासूचं काही चालत न्हाई.

रतनबाईचा अंगठा

ऋतुजा,

आधीची पुडी अजून फडताळात आहे. ती भरलेली आहे म्हणून फोडवत नाही. जत्रेतली गुडीशेव पाठव. पुडी फोडून आधी तू खा, आणि मग जेवढी उरेल तेवढीच पाठव. सोमनाथ अर्धीच आणायचा.

माय